बुधवारची गैरहजेरी

स्केल्डबीच्या शाळेत दर बुधवारी
अर्धे बाक रिकामे असायचे.
बुधवार म्हणजे बाजार.
मेंढ्या, डुकरं, बटाट्यांची पोती
आणि त्यांच्यामागे काठी घेऊन
बीजगणित चुकवणारी पोरं.

मी इथली हजेरीची कारकून.
तेवीस वर्षं याच खिडकीशी बसते,
उशिरा येणाऱ्यांना चिठ्ठी देते.
तळघरात पाइप फुटला त्या हिवाळ्यात
जुने पट वर आणून
हीटरवर पान पान वाळवलं.
तेव्हा वाचले.
एरवी कोण वाचतं?

सर्वांत जुना पट लोकरीच्या व्यापाऱ्याच्या पैशातला.
बारा मुलगे, एक मास्तर, एक शेगडी.
त्याला मेल्यानंतरची फार धास्ती,
म्हणून मृत्युपत्रात लिहून गेला:
गरिबांची पोरं शिकवा, आणि रोज सकाळी
माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणा.
पुढे राजानं धर्म फिरवला, प्रार्थना बंद पडली.
शेगडीही कुणीतरी विकली.
पोरं येत राहिली.

मग हेडमास्तर ऑसगुडबींची तिरकी अक्षरं:
ता. ४. गैरहजर चौतीस. बटाटे.
ता. ५. गैरहजर चाळीस. बटाटे.
ता. ६. मुसळधार पाऊस. सगळे हजर, सगळे ओले.
ता. ७. बटाटे.
त्या शब्दाखाली ओढलेली रेघ
कागद फाडून पलीकडे गेली आहे.

त्यानंतरचा एक पट मी भरभर वाळवला.
त्यात ‘शाळा सोडल्याचं कारण’ असा रकाना.
शेती. शेती. लोहारकाम. शेती.
एनॉक थर्लबी, वय सतरा: फ्रान्स.
त्याच्याखाली फ्रान्स.
त्याच्याखाली फ्रान्स.
अकरा वेळा, एकाच हातानं,
कुठेही ‘वरीलप्रमाणे’ न लिहिता.

दुसऱ्या लढाईत लंडनहून एकवीस मुलं आली,
गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला मुखवट्याचा डबा.
दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांना
बाजारातल्या मेंढ्यांच्या कठड्यात उभं केलं.
गावानं निवडून नेली.
धडधाकट मुलगे आधी.
विनी प्रॉसर संध्याकाळपर्यंत उरली,
तिला शाळेची स्वयंपाकीणबाई घेऊन गेली.
तीच विनी पुढे इथं भूगोल शिकवायची.
मलाही शिकवला.
तिची काठी नकाशावर सगळीकडे टेकायची,
फक्त लंडनवर जराशी अधांतरी.
आम्हाला वाटायचं, बाईंचा हात दुखतो.

बाजार मोडला.
कठड्यांच्या जागी सुपरमार्केटचं पार्किंग आहे
आणि बुधवार मंगळवारसारखाच दिसतो.
आता फोन येतात, पहाटे साडेसहाला,
फ्लॉवर-कोबी पॅक करणाऱ्या शेडमधून,
मागे पट्टा धडधडत असतो:
रुगिले आज नाही येत शाळा.
कारण विचारलं तर फोनवर रुगिलेच येते.
आईला डॉक्टरकडे न्यायचंय, मिस.
आईचं दुखणं मला सांगावं लागतं,
इंग्रजीत.

संगणकात गैरहजेरीच्या कारणांची अक्षरं आहेत.
आजारपण, सहल, अंत्यविधी, धार्मिक सण.
चौदा वर्षांच्या मुलीनं डॉक्टरांसमोर
आईच्या पोटातली गाठ या भाषेतून त्या भाषेत न्यायची,
याला अक्षर नाही.
बटाट्यांनाही नव्हतं म्हणा.
मी ड्रॉवरमधल्या वहीत लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी तिनं वही उलटी वाचली.
म्हणाली, माझ्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर
एक टिंब असतं.
संगणक ते टिंब घेत नाही.
मी पेन तिच्या हातात दिलं.
तिनं इतकं दाबून दिलं
की खालच्या तीन पानांवर उमटलं.

साडेनऊ.
काचेवर टकटक.
थर्लबींचा धाकटा, दप्तर एका खांद्यावर.
बस चुकली, मिस.
मी लिहिते: बस.
बुटांना मेंढीच्या लेंड्या,
ताज्या.
कॅलेंडरकडे बघितलं.
बुधवार.